ज्या मुलीला गाणंच नव्हतं

आमच्या बंधुराजांना सेवानिवृत्तीनंतर रडण्याचा छंद लागला आहे. रोज सकाळी माझा चहा व्हायच्या आत घरच्या ग्रुपवर ऑपेरातलं एखादं गाणं येऊन पडतं. खाली जोडलेले दोन हात, अश्रू ढाळणारा एक पिवळा चेहरा आणि दोन शब्द: 'डोळे पाणावले.' परवा तर त्यांनी कहरच केला. 'माझ्या काळजाला हात घालणाऱ्या चाली' म्हणून क्रमवार यादीच टाकली, आणि पहिल्या नंबरावर कोण, तर तीच. बापाची चाल. सुनांनी, नातवंडांनी भराभर अंगठे दाखवले. त्यातलं कुणाला ओ की ठो कळत नाही, पण आजोबा इटालियन ऐकतात म्हणजे आजोबा थोरच असणार. मी अंगठा दाखवला नाही. मोबाइल उपडा ठेवला आणि स्वतःला म्हटलं, शालू, बाई, आता हे लिहूनच टाक. त्या चालीनं आमच्या घरात काय केलं हे आता दोघांनाच माहीत आहे, मला आणि या भावाला, आणि तो तर रडण्यात गुंतला आहे.

आमचे आप्पा बुलढाण्याच्या कोर्टात दिवाणी वकील होते. बांधाचे, वाटण्यांचे, सामाईक विहिरीचे खटले. नागपूरला वकिली शिकताना ते एका म्हाताऱ्या गोऱ्या मॅडमच्या बंगल्यामागच्या खोलीत भाड्यानं राहत. ती बाई पुढं मुलीकडं ऑस्ट्रेलियाला गेली आणि जाताना रेकॉर्ड प्लेअर आणि लाकडी खोकंभर रेकॉर्डी आप्पांच्या गळ्यात मारून गेली. सगळा ऑपेरा. दुसरा एखादा माणूस असता तर विकून मोकळा झाला असता. आप्पांनी ते खोकं एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन आणलं म्हणे, आणि तेव्हापासून आख्ख्या जिल्ह्यात ऑपेरा कळणारा मी एकटाच, हे ते न सांगता सगळ्यांना सांगत राहिले. भाषा येत नव्हती. रेकॉर्डींसोबत गोष्टींची इंग्रजी पुस्तकं होती, त्यावरून ते आम्हाला समजावून देत. मला विचाराल तर, ती गोष्ट समजली नसती तरच बरं झालं असतं.

दर रविवारी सकाळी आमच्याकडं मैफल असे. कोर्टातले दोघं-तिघं, हायस्कूलचे हेडमास्तर, कॉलेजातला एखादा नवा प्राध्यापक. बैठकीत सतरंजी, भिंतीला तक्के, खिडक्या बंद, कारण कचेरीच्या रस्त्यावरचे हॉर्न आत यायला नकोत. रेकॉर्ड लागली की घरात पानसुद्धा हलता कामा नये. आईनं भल्या पहाटे उठून पाट्यावर हरभऱ्याची डाळ वाटून ठेवायची, कारण पाट्यावरवंट्याचा आवाज चालायचा नाही. कुकरला तर बंदीच. एकदा ऑपेरातली बाई प्राण सोडत असताना आमच्या कुकरनं शिट्टी दिली, तर आप्पा चार दिवस आईशी बोलले नाहीत. मग काय, मंडळींचं गाणं संपायचं, रडून व्हायचं, आणि त्यानंतर माझी माय घामाघूम होऊन कढी-गोळे करायला लागायची. जेवायला दोन वाजायचे. हेडमास्तर तिखट कढीचा भुरका मारत म्हणायचे, "वहिनी, आज काय सूर लागला होता!" आई म्हणायची, "हो ना, गोळे घ्या अजून." तिनं बिचारीनं बैठकीचा उंबरा ओलांडून एक गाणं कधी पुरतं ऐकलं नव्हतं.

आप्पांची रडायची रीत ठरलेली होती. करुण जागा यायच्या आधीच ते खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून, घडी उलगडून, गुडघ्यावर पसरून ठेवत. मग सूर चढायला लागला की मंडळी चोरून एकमेकांच्या डोळ्यांकडं बघत. कोण आधी रडतो, कोणाला किती कळतं, याची ती परीक्षाच असे. नवा प्राध्यापक कोरड्या डोळ्यांनी बसला तर पुढच्या रविवारी त्याला आमंत्रण नाही. दादा, म्हणजे हाच माझा यादीवाला भाऊ अरुण, तेव्हा पाटबंधारे खात्यात नुकताच लागला होता. त्याला लहानपणापासून रडणं चांगलं जमायचं. आप्पा कौतुकानं म्हणत, "याला कान आहे." मला कान नव्हता. मी चिवड्याच्या बशा नेऊन द्यायची.

एकदा तर काय झालं, शेजारच्या क्वार्टरमध्ये महसूल खात्यातला एक कारकून नव्यानंच राहायला आला. त्याची बायको साखरखेर्ड्याची, भल्या मनाची, ठणठणीत आवाजाची. पहिल्याच रविवारी आमच्या बंद खिडक्यांतून बाईचा तो उंच टाहो तिच्या कानावर गेला आणि ती हातातलं काम टाकून, डोक्यावर पदर घेऊन धावत आली. मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात, आणि आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं सूर धरला, "कोन गेलं वं माय! काल तं चांगले हिंडून राह्यले होते सारेच!" आई घाबरली, तिलाही वाटलं खरंच कुणी गेलं की काय, आणि तीही रडायला लागली. बैठकीत इटालियन बाई, स्वयंपाकघरात साखरखेर्ड्याची, दोघींचा टाहो एकात एक. आप्पा लाल होऊन आत आले. "अहो बाई, कुणी गेलं नाही! ऑपेरा आहे हा!" ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "अस्सं व्हय. मंग त्या बाईले कोनी उगी काऊन नाई करून राह्यलं?" माझ्या माहितीत ऑपेराबद्दल विचारलेला हा सगळ्यात शहाणा प्रश्न. आप्पा मात्र तो किस्सा वर्षभर कोर्टात अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत होते.

मी आप्पांच्या नकळत सगळ्या गोष्टी इंग्रजी पुस्तकांतून वाचून काढल्या होत्या, म्हणून अधिकारानं बोलते. सगळीकडं एकच तऱ्हा. बाई खरं प्रेम करते, म्हणून मरते. मरता मरता एवढं गाते की धडधाकट माणसाला दम लागावा. नायक म्हणून जो कुणी असतो, तो पहिल्या अंकात छाती पुढं काढून शपथा घेतो, दुसऱ्यात बाईवर संशय घेतो आणि शेवटी उशिरा येऊन तिच्या अंथरुणाशी ओरडतो. आधी आला असता तर काय बिघडलं असतं, हे कुणी विचारत नाही. आणि चाली! वाईट असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. त्या फार सुंदर आहेत, मेल्या. अजूनही कुठं कानावर पडल्या तर माझ्या अंगावर काटा येतो आणि मग त्या काट्याचाही राग येतो.

आता ती बापाची चाल. गोष्ट अशी. एका सराईवाल्याची पोरगी असते, तिच्यावर एका जहागीरदाराच्या मुलाचा जीव जडतो. मुलगा कुठंतरी गेलेला असताना म्हातारा जहागीरदार तिच्या दारी येतो आणि हात जोडून गातो, की बाळ, माझ्या घरी एक निष्पाप मुलगी आहे, तुमच्या या लग्नापायी तिचं ठरलेलं लग्न मोडेल, तिच्यासाठी माझ्या मुलाला सोड. ते गाणं असं काही आहे की दगडाला पाझर फुटावा. सराईवाल्याची पोरगी विरघळते, त्याला सोडते, मठात जाते आणि खोकून खोकून मरते. आप्पांचा रुमाल त्या चालीला चिंब होई. मला एकच गोष्ट खटकायची. ज्या मुलीसाठी हे सगळं, ती जहागीरदाराची लेक, ती आख्ख्या ऑपेरात एकदाही दिसत नाही. तिला गाणं सोडा, साधं नावसुद्धा दिलेलं नाही. आप्पांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिची गरजच नाही ना गोष्टीत."

आणि मग दादाचं शोभाशी जुळलं. शोभा देऊळघाटच्या एका कास्तकाराची मुलगी. कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्यांची टपरी होती, तिथं ती मशीनवर बसे. रोज सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळच्या गाडीनं परत. सावळी, उंच, बोटं अशी चालायची की बघत राहावं. दादा खात्याच्या एका अर्जासाठी तिथं गेला आणि मग त्याला रोजच अर्ज करायचे असायचे. दोघं वर्षभर भेटत होती, मला सगळं ठाऊक होतं. तिनं तिच्या घरी सांगून टाकलं होतं. यानं सांगितलं नव्हतं. आप्पांना शेवटी कोर्टातल्याच कुणीतरी सांगितलं, आणि वर विचारलं, "वकीलसाहेब, आपल्यातली नाही म्हणे?" त्याच सुमारास माझ्यासाठी अकोल्याचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. मुलगा बँकेत. मुलाच्या आईनं आमच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, घराणं स्वच्छ असलं की बस, बाकी आमची काही अपेक्षा नाही.

दुसऱ्या कुणाचा बाप असता तर चिडला असता, आरडाओरडा केला असता, मुलाला घराबाहेर काढलं असतं. त्यावर काहीतरी तोड तरी निघते. आमच्या आप्पांच्या चेहऱ्यावर तेज आलं. आयुष्यभर ज्या भूमिकेसाठी रुमाल भिजवले ती आपणहून दारी चालून आली होती. दादाला काही न बोलता त्यांनी रविवारची मैफल रद्द केली आणि मला म्हणाले, "शालू, तयार हो. देऊळघाटला जायचं आहे. आईची ती फिकी निळी साडी नेस. गजरा नको, साधी दिसली पाहिजेस." मी विचारलं, "मी कशाला?" तर म्हणाले, "तू नुसती बस. तुला बघून तिला समजेल." म्हणजे इटलीवाल्याला जे सुचलं नाही ते आमच्या वकीलसाहेबांना सुचलं. पुरावा सोबत न्यायचा.

शोभाच्या घरी ओसरीत बाज टाकली, वर धुतलेली वाकळ. तिच्या मायनं चहा ठेवला, ताटलीत भाजलेल्या शेंगा आणि गूळ दिला. शोभाचा बाप शेतात पाणी द्यायला गेला होता. शोभा समोर खाली बसली, हात मांडीवर. आप्पांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. बाप्पा, काय बोलले! आवाज खाली, मग जरा वर, मग मध्येच थांबणं. मला शब्दागणिक त्याखालची चाल ऐकू येत होती. माझ्याकडं हात करून म्हणाले, "ही माझी मुलगी. हिनं कुणाचं काय वाईट केलं? एका बापाची तुमच्यापुढं झोळी आहे, शोभाताई." आणि खिशातून रुमाल काढला. तोही इस्त्रीचा.

शोभानं शेवटपर्यंत मधे तोंड घातलं नाही. मग विचारलं, "वकीलसाहेब, अरुणले माहीत हाय का तुमी इथं आले म्हून?"

"त्याला सांगायची ही वेळ नाही," आप्पा म्हणाले.

"बरं. आन् हिले विचारलं का तुमी?" असं म्हणून ती माझ्याकडं वळली. "काऊन वं शालू, माह्यापायी तुयं लगन मोडते म्हंतात हे. तुले कराचं हाय का त्या अकोल्यावाल्यासंगं?"

मला आजवर तो प्रश्न कुणीच विचारला नव्हता. आईनं नाही, आप्पांनी नाही, अकोल्याच्या त्या स्वच्छ घराण्यानं तर नाहीच. आप्पा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. पुरावा बोलायला लागला तर वकिलाला जसं वाटेल तसं. मी म्हटलं, "नाही. मला नाही करायचं. मला तो माणूस आवडला नाही. मोडलं तर मोडू दे."

तिची माय चुलीपाशी होती, ती खुदकन हसली. आप्पा म्हणाले, "लहान आहे, तिला कळत नाही."

"तिच्यासाठी आले नं तुमी? तिनं तं सांगतलं," शोभा म्हणाली. आवाज चढवला नाही. "मंग आता काई अडचन नाई राह्यली. आन् असली तं अरुणनं मले सांगावं. उद्या सकायी दहाच्या गाडीनं मी येतो. त्याले स्टँडवर पाठवा. त्यानं माह्या तोंडावर नाई म्हनलं तं मी एक शब्द बोलत नाई. पन तुमच्या म्हनन्यानं मी त्याले सोडत नाई, वकीलसाहेब. चहा घ्या, निवून राह्यला."

परत येताना आप्पा गाडीत खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, चला, संपलं. पडले तोंडावर. एवढी मी भोळी होते! घरी आल्यावर त्यांनी दादाला बैठकीत बोलावलं, दार लोटलं आणि भरल्या गळ्यानं सांगितलं, "अरुण, मी तिला भेटून आलो. फार थोर पोरगी आहे रे. शालूच्या भल्यासाठी तिनं तुला मोकळं केलं." मी दाराआडच होते. आत गेले आणि म्हटलं, "दादा, खोटं आहे हे. तिनं सोडलं नाही. माझं लग्न मला नको आहे हे मी तिथंच सांगितलं. उद्या दहाला तिनं तुला स्टँडवर बोलावलं आहे. तू जा, एवढंच."

आता हे नीट ऐका, कारण यासाठीच मी लिहायला बसले आहे. दादानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतंच. तो म्हणाला, "शालू, तिचा त्याग असा छोटा करू नकोस."

"अरे, कुठला त्याग? ती चहा पाजत होती आम्हाला!"

"वरवर तसं म्हणाली असेल. आतून ती काय सोसत असेल, ते तुला नाही कळायचं. तुला कान नाही."

आणि आप्पांनी उठून रेकॉर्ड लावली. बापाची चाल. दोघं तक्क्याला टेकून शेजारी शेजारी बसले, एकाच रुमालात आळीपाळीनं डोळे पुसत होते. जी बाई पाच कोसांच्या आत धडधाकट जिवंत होती, भाकरी थापत होती, उद्या कोणतं पातळ नेसायचं याचा विचार करत होती, तिच्या त्यागावर दोन शिकलेली माणसं तासभर रडली. मी किंचाळले, रेकॉर्डवरची सुई ओढून काढली, तर आप्पांनी शांतपणे पुन्हा लावली. आईनं मला दंडाला धरून आत नेलं. "जाऊ दे माय," म्हणाली, "त्यायले लई आवडते ते." मग तिनं मला भाकरी वाढली.

आज मला कुणी विचारलं की दादा भित्रा होता का, तर मी म्हणेन, भित्रा असता तर मी माफ केलं असतं. भितो माणूस. बापाला, जातीला, अकोल्याच्या लोकांना. पण याला भीती वाटलीच नाही. याला मजा आली. खऱ्या शोभाबरोबर संसार करायचा म्हणजे भांडण, भाडं, नातेवाइकांची तोंडं. त्यापेक्षा मठात गेलेली शोभा त्याला जास्त सोयीची होती. पुढं त्यानं आपल्यातली, आप्पांनी आणलेली मुलगी केली. आमची वहिनी चांगली आहे, आणि सकाळी नवऱ्याचे डोळे कुणासाठी पाणावतात हे ती विचारत नाही.

सोमवारी सकाळी दादा स्टँडवर जायला निघतो का, याची वाट बघितली. तो अंघोळ करून, भांग पाडून ऑफिसला गेला. मग मी चप्पल घातली आणि आईला न सांगता स्टँडवर गेले. गाडी उशिरा आली. गर्दी उतरली, शेवटी शोभा. तिनं नवं पातळ नेसलं होतं, हिरवं, इस्त्रीच्या घडीसकट. तिनं मला बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, मग पाण्याच्या टाकीकडं, रसवंतीकडं.

"तो नाई आला?"

"नाही."

"ताप-गीप आला का त्याले?"

तिनं ते असं विचारलं की मला हो म्हणावंसं वाटलं. आला म्हटलं असतं तर निदान त्या दिवसापुरतं भागलं असतं. "नाही," मी म्हटलं. "ऑफिसला गेला. मी सांगितलं होतं त्याला, शोभा. तुझा शब्दन् शब्द सांगितला. त्याला वाटतं तू त्याला सोडलंस."

"मी?" ती म्हणाली. "मी तं इथं आली."

एवढं म्हणून ती बाकावर बसली आणि रडायला लागली. नाक वाहत होतं, उचकी लागत होती, घशातून नुसती घरघर. बाजूची माणसं तोंड फिरवून बसली. एका कंडक्टरनं विचारलं, पाकीट मारलं का कुणी. ते रडणं ऐकवत नव्हतं, बघवत नव्हतं, आणि कुणीही म्हटलं नसतं की काय सूर लागला आहे. मी तिचा हात धरून बसले, आणि दुसरं काय करावं ते न सुचून साखरखेर्ड्याच्या त्या बाईसारखी नुसती उगी उगी करत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं नव्या पातळाच्या पदराला नाक पुसलं आणि उठून उभी राहिली.

"चाल," ती म्हणाली. "उशीर होऊन राह्यला. तुह्या बापाचा एक अर्ज टाइप कराचा हाय, आज तारीख हाय त्याची."

"नको करू," मी म्हटलं.

"काऊन? बांध तं त्या गरिबाचा हाय ज्याच्यासाठी अर्ज हाय." ती कोर्टाच्या दिशेनं चालायला लागली आणि मी तिच्या मागं गेले. आप्पा बाररूममधून बाहेर आले तेव्हा अर्ज तयार होता. तिनं तो उभं राहून त्यांच्या हातात दिला आणि डोळे, सुजलेले लाल डोळे, त्यांच्यावरून हलवले नाहीत. आप्पांनी मान खाली घालून पहिली ओळ वाचली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. रुमाल त्यांच्या खिशातच राहिला.